पडद्याच्या मागल्या बाजूची भागीरथा

सिनेमावर मत देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण पिक्चर चालू असताना शेंगा खातात आणि संपल्यावर विद्वान होतात. भागीरथा हटवार त्यांतली नव्हती. तिनं एखादा पिक्चर चांगला म्हटला की भिलाईच्या कॅम्प एकमधल्या बायका संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकायच्या आणि सिनेमाच्या तंबूच्या रांगेत उभ्या राहायच्या. तिनं नुसतं नाक मुरडलं की बायकांची बाजू ओस. तंबूवाले शामराव अमरावतीकडचे, मोठे मिजासखोर गृहस्थ. पण नवा पिक्चर लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी तेही पानठेल्याशी येऊन रेंगाळायचे आणि नळावर काय बोलणं झालं याची हळूच चौकशी करायचे. नळावर म्हणजे भागीरथा काय बोलली, एवढाच त्याचा अर्थ.

ती तुमसरकडची. नवरा हिरालाल खलाशी होता, पण जहाजावरचा नव्हे. पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी उभी राहिली तेव्हा तिचे गर्डर दोरांनी वर चढवणाऱ्या टोळीत तो होता, आणि त्याच भट्टीच्या पायासाठी भागीरथानं रेजा म्हणून, म्हणजे बांधकामावरची मजूर म्हणून, गिट्टी वाहिली होती. त्यामुळे भट्टीचा धूर दिसला की नवराबायको दोघंही तिच्याकडे घरच्या गाईकडे पाहावं तसं बघत. भागीरथा उंच, काळीसावळी, आवाज असा की दोन ओळी पलीकडच्या झोपडीतलं पोरगं तिच्या हाकेनं उठून बसायचं. हिरालाल कामावर उंचावर चढून ओरडायचा आणि घरात मात्र तोंडातल्या तोंडात बोलायचा. घरात ओरडायला जागाच शिल्लक नव्हती.

पिक्चर सांगावा तर तिनंच. तांदूळ निवडायला बायका जमल्या की ती पालथ्या बादलीवर बसायची. खलनायक झाली की सूप पोटाशी धरून ढेरी काढायची, नायिका झाली की तेच सूप तोंडापुढे. मारामारीला शेजारणीचं पोरगं उचलून आणायची, कारण कुणाला तरी पाडायला हवंच असे. एकदा मी विचारलं, "अगं, सगळे पिक्चर तर सारखेच असतात. हरवलेला मुलगा, आंधळी आई, शेवटी मारामारी. तुला कंटाळा नाही येत?"

ती म्हणाली, "बाई, आपन रोज वरनभातच खातो नं? कंटाळलो का? पन मीठ कमी पडलं तं पयल्या घासालेच कळते."

पुढं मी मोठमोठ्या लोकांची मोठमोठी परीक्षणं वाचली, पण याहून शहाणं काही मला त्यांत सापडलं नाही.

मी वच्छला. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे माझं लहानपण गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. लग्न करून भिलाईला आले, नवरा कारखान्यात टाइमकीपर. मी सातवी पास आणि स्वभावानं तापट. रिकामी बसले तर घरातली भांडी आपटते, म्हणून नवऱ्यानंच सुचवलं की कॅम्पातल्या बायकांना दुपारी लिहावाचायला शिकव. आमच्या वऱ्हांड्यात तो वर्ग भरायचा. तंबूत मात्र मी कधी गेले नव्हते. पिक्चर बघायचा तर दुर्गला, खुर्चीवर बसून, असा आमच्या रेल्वेवाल्यांचा तोरा.

हे सांगायचं कारण, तंबूत बायका कुठं बसतात ते मला ऐकूनच माहीत होतं. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं. मशीन एका बाजूला, आणि त्या बाजूला पुरुष. कापडाच्या पलीकडे बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी शामरावांचा माणूस बादली घेऊन यायचा आणि पडदा चिंब भिजवायचा, म्हणजे चित्र पलीकडेही उमटायचं. बायकांचा आब राहतो म्हणून पुरुष खूश, पुरुषांची थुंकी आणि बिड्या दूर राहतात म्हणून बायका खूश. शाळेत जाणारी मुलं बापाबरोबर पुढं, अंगावरची मुलं आईबरोबर मागं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

भागीरथा माझ्या वर्गात आली ती शामरावांवर चिडून. त्यांनी एकदा जुनाच पिक्चर नवं नाव ओरडून लावला होता. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा नायिकेची दोन गाणी होऊन गेली होती. ती मला म्हणाली, "मले सारी इद्या नाई पायजे बाई. परद्यावरचं नाव वाचता आलं पायजे, बस. मंग शामराव भोंग्यातून काही का बोंबलेना."

आणि ती शिकली. हात गिट्टीनं राठ झालेले, पाटीवरची पेन्सिल रोज मोडायची. 'क'ला ती चुलीवरची फुंकणी म्हणायची आणि 'भ'वर तिचा विशेष जीव, तो तिच्या नावातला. घरच्या दाराला तिनं मैद्याच्या पोत्याचं कापड पडदा म्हणून लावलं होतं. त्यावर गिरणीवाल्यानं निळ्या शाईत ठसठशीत 'मैदा' असं छापलेलं. बाहेरून घरात शिरताना ती ते वाचायची. हिरालालनं एकदा कुरकुर केली की घरी पाहुणे आले तर मैदा मागतील.

त्या हिवाळ्यात तंबूत एक पिक्चर आला. नाव काही का असेना, सगळा कॅम्प त्याला 'डबलवाला' म्हणायचा, कारण हीरो एकच पण पार्ट दोन. एक गरीब, भोळा टॅक्सीवाला, तो खरं तर मोठ्या बंगल्यातल्या बाईचा हरवलेला मुलगा. दुसरा अगदी तसाच दिसणारा पण नात्याचा ना गोत्याचा, दाढीवाला बदमाश. तो दाढी काढतो, टॅक्सीवाल्याचे कपडे चढवतो आणि बंगल्यात मुलगा म्हणून घुसायला बघतो. मग पळापळ, टॅक्सीत बकऱ्या, नायिका चुकून बदमाशाला राखी बांधते, हवालदार दोघांना पाहून चक्कर येऊन पडतो. शेवटची मारामारी पिठाच्या गिरणीत. दोघं पिठानं पांढरेफटक, अंगावर कपडेही सारखेच, कोण कुठला काही कळेना. दोघंही हात जोडून म्हणतात, 'माँ, मैं ही तेरा बेटा हूँ.' मग आईला आठवतं, माझ्या बाळाच्या डाव्या गालावर तीळ होता. ती पदरानं दोघांची तोंडं पुसते. आणि तीळ दोघांच्याही गालावर! एकाच्या डाव्या, एकाच्या उजव्या. आई डाव्यावाल्याला कवटाळते, उजव्यावाल्याला बेड्या पडतात, बँड वाजतो, खेळ खलास.

पुरुष मंडळी शिट्ट्या मारत बाहेर पडली. बायका बाहेर पडल्या त्या रागानं लाल होऊन.

दुसऱ्या दिवशी नळावर पाणी कमी आणि बोलणं जास्त.

"म्हातारीचे डोये फुटले होते का वो?" सत्यभामा म्हणाली. ही भागीरथाची शेजारीण, पिक्चर सांगताना पाडायला लागणारं पोरगं तिचंच. "तोंडानं म्हनते डावा गाल अन् गयात पडते उजव्यावाल्याच्या!"

"पोटच्या पोराले बेड्या घातल्या माय. अन् वरतून बँड वाजवून रायले मेले," दुसरी म्हणाली.

सगळ्या भागीरथाकडे बघू लागल्या. तिनं भरलेली घागर नळाखालून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "खोटा पिच्चर हाय. ज्यानं बनवला त्याले आई नसन."

झालं. बायकांनी तंबूकडे पाठ फिरवली. तिकडे भट्टीवर, पानठेल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत पुरुष सांगत होते की असा पिक्चर झाला नाही. गिरणीची मारामारी ऐन रंगात सांगायची आणि शेवटी म्हणायचं, बायकांना काय कळतं. हिरालालला तर कामावर रोज टोमणे: तुह्या बायकोले तीळ दिसला का माशी? बिचारा घरी आला की जेवताना हळूच विषय काढायचा.

"अवं, डाव्याच गालावर होता तीळ. म्या समोरून पायलं."

"मंग म्या काय डोये मिटून पायलं? उजव्या गालावर होता. तुमाले डावंउजवं कयत नाई."

"खलाशी हाव मी. डावंउजवं चुकलो असतो तं गर्डर डोक्यावर पडला असता."

यावर तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली ती भाताच्या वर, तशीच. हिरालालनं ती भातातच कालवली.

हे भांडण मला मजेचं वाटत होतं. पण दोनतीन दिवसांनी भरदुपारी भागीरथा वर्ग सुरू व्हायच्या आधीच आली. तिनं पाटी माझ्यासमोर ठेवली. धुऊन पुसून स्वच्छ केलेली, पदरात गुंडाळून आणलेली.

"घ्या बाई. दुसऱ्या कोनाले द्या."

"का गं?"

"माह्या डोक्यात नाई जात." ती खाली बसलीसुद्धा नाही. "पिच्चरचं नाव तं मले पाठ होतं. टांग्यावरून चार दिवस बोंबलून रायला होता शामरावचा मानूस. तरी परद्यावर आलं तं त्यातलं एकबी अक्षर ओयखू नाई आलं. वरची रेघ दिसे, पन खाली जे लोंबून रायलं होतं त्यात माह्या ओयखीचं कोनीच नोतं. म्या शोधलं बाई. 'भ' नाई, 'क' नाई, कोनीच नाई. तुमी शिकवलं ते शिकवलं, पन डोकं तं माहंच हाय नं."

मी भडकले. इतके महिने डोकं शिणवलं आणि ही एका संध्याकाळपायी पाटी परत करते. सिनेमावाले अक्षरं वळणदार काढतात, घाई करतात, असं काहीबाही मी ओरडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मोठ्या आवाजाची बाई शांत झाली की पाहवत नाही. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते मला दिसू नये म्हणून ती भट्टीच्या धुराकडे बघत होती. मग तशीच निघून गेली. त्या दुपारी मी बाकीच्या बायकांना काय शिकवलं ते देव जाणे. मला तिच्या जाण्याचं खरंच दुःख झालं होतं, आणि दुःख झालं की मी जास्तच खेकसते.

पुढचं तिनंच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी घरात भाकरीचं पीठ चाळत बसली होती. ऊन दारावर आलं होतं आणि मैद्याच्या पोत्याचा पडदा उजळला होता. शाई मागं झिरपलेली असल्यानं अक्षरं आतूनही दिसत होती. ती बघत राहिली. परवापर्यंत येत होतं तेही आता येईना. वर रेघ, खाली लोंबणारं सगळं अनोळखी. 'मैदा' गेला. तिला वाटलं, पाटी परत केली तशी विद्याही परत गेली. चांगलंच झालं म्हणाली मनात, आणि चाळणीतला कोंडा फेकायला बाहेर गेली. कोंडा फेकून वळली तर दारावर, 'मैदा'. नीट, ठसठशीत, तिचाच.

ती आत गेली. नाही. बाहेर आली. आहे. सत्यभामा समोरून बघत होती. ती मला नंतर म्हणाली, "मले वाटलं भागीरथाच्या आंगात आलं. आत जाते, भाईर येते, परदा उचलून पायते, पुन्ना आत जाते."

आणि मग भागीरथानं पडदा काठीसकट ओरबाडला आणि तशीच धावत आली. माझ्या वऱ्हांड्यात वर्ग चालू होता. हाताला पीठ, केस सुटलेले, खांद्यावर पोत्याचं कापड. तिनं ते सगळ्यांसमोर उभं धरलं.

"वाचा बाई."

"मैदा," मी म्हटलं.

तिनं कापड फिरवलं. "आता वाचा."

मी बघितलं आणि मला एकदम कळलं. बायकांना अजून कळलं नव्हतं.

"आपन उलटीकडून पाहून रायलो वो!" भागीरथा ओरडली. "जलमभर! परदा एकच, पन आपल्याकडून सारं उलटं दिसते. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं! म्हातारी आंधळी नोती. तिनं बरोबर पोरगा धरला. मले वाचता येते बाई, मले वाचता येते, ते अक्षरंच पाठमोरे होते!"

वर्गात जो गोंधळ उडाला तो सांगता येणार नाही. बायकांना एकेक आठवू लागलं. पिक्चरमधली माणसं डाव्या हातानं जेवतात, हे कॅम्पातल्या समस्त बायकांना ठाऊक होतं आणि त्यावर भागीरथाचा निर्वाळाही होता: मोठ्या लोकांत तशीच रीत असते, कारखाना उभारायला आलेले रशियन साहेब मेसमध्ये काटा डाव्याच हातात धरतात, तिनं रेजाकामाच्या वेळी स्वतः पाहिलं होतं. पुजारी डाव्या हातानं आरती करायचे तेव्हा ती म्हणाली होती की मुंबईचा देव निराळा असेल. आता तीच हे आठवून आठवून हसत होती, पोट धरून, पिठाचे हात तोंडाला लागून तोंड पांढरं झालं होतं. इतका मोठा आपला निर्वाळा चुकला म्हणून तोंड लपवणारी माणसं मी पाहिली आहेत. ही बाई स्वतःच्या चुकीवर सगळ्यांत मोठ्यानं हसली. मला ती त्या दिवशी फार थोर वाटली, आजही वाटते.

हसून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "पाटी नका देऊ कोनाले."

"ही घे."

"आत्ता नाई. आधी समोरून पाहीन. परद्यावरचं वाचलं तं पाटी माही. मैदा का कोनीबी वाचते."

अडचण एकच होती. समोर पुरुष बसत. आणि डबलवाल्याचा तंबूत दुसऱ्याच दिवशी शेवटचा खेळ होता, रिळांची पेटी राजनांदगावला जायची होती. भागीरथा, सत्यभामा आणि मी शामरावांकडे गेलो. मी वर्गात बोलते त्या आवाजात त्यांच्याशी बोलले. ते आधी म्हणाले, बाई, ही रीत आहे, मी नाही घातली. मग भागीरथानं विचारलं, "शामराव, तुमचा पिच्चर चांगला हाय का नाई?" ते म्हणाले, एक नंबर आहे. "मंग आमी अर्ध्या कॅम्पाले उलटा सांगून रायलो हे तुमाले चालते?" शामराव मिजासखोर होते, मूर्ख नव्हते. त्यांनी मधोमध दोरी बांधायचं कबूल केलं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, सगळे मशीनच्या बाजूला.

हिरालाल मात्र अडला. कधी नव्हे तो आवाज चढवला. "लोक काय म्हनतीन? मानसाईच्या मधात जाऊन बसशीन का? मागून पायलं तं काय बिघडलं एवढे दिवस?"

"तुमाले नाई बिघडलं. तुमी समोर होते," भागीरथा म्हणाली. "मले नाव वाचाचं हाय."

"नाव मी सांगतो नं तुले!"

"तुमी सांगालच. पन मले वाचाचं हाय."

तो चपला घालून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता आम्ही गेलो. पुष्कळ बायका शेवटच्या क्षणी लाजून मागल्या बाजूला वळल्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. दोरीच्या अलीकडे आम्ही बाराचौदा जणी दाटीवाटीनं बसलो. पलीकडून खोकणं, खिदळणं, एकदोन फाजील बोलणी. हिरालाल आला होता. दोरीपासून लांब, एका खांबाच्या आड, आमच्याकडे पाठ करून. भागीरथानं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतत होती. पहिल्यांदाच तंबूत आलेली मी, पण माझं लक्ष पडद्याकडे नव्हतंच.

दिवा विझला, मशीन घरघरलं, बाजा वाजला आणि पडद्यावर पिक्चरचं नाव आलं. भागीरथानं ते वाचलं. मोठ्यानं, सावकाश, अक्षर अक्षर हातात धरून. मला वाटलं जिंकलो. पण तिची पकड सुटेना. "हे तं पाठ होतं," ती कुजबुजली. "हे वाचलं म्हनता येत नाई."

नाव गेलं आणि खाली बारीक अक्षरांत माणसांची नावं येऊ लागली, जी टांग्यावरून कुणी ओरडलेली नव्हती. ती पुढं झुकली. "क... प... डे. कपडे!" तिचा आवाज तंबूभर गेला. पलीकडे कुणी हसलं. "च... चम... चमनलाल. कपडे, चमनलाल!" पुढचं पान आलं. "नाच... मास्... मास्तर." मग सुतारकाम करणारा कुणी, मग केस करणारी कुणी. अर्ध्यावर पान बदलायचं, तिचं एखादं नाव अर्धंच राहायचं, तरी ती पुढचं धरायची. "ए बाई, चूप वो," एक जण ओरडला. ती चूप बसली नाही. सगळी नावं संपली तेव्हा तिनं माझं मनगट सोडलं आणि पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. त्यानंतरची टॅक्सीतल्या बकऱ्यांची भानगड आम्हा दोघींनाही फारशी दिसली नाही.

शेवटी म्हातारीनं डाव्यावाल्याला कवटाळलं तेव्हा आमच्या बाजूनं अशी टाळी पडली की पुरुष वळून बघू लागले.

परत येताना सगळ्यांनी भागीरथाला घेरलं. आता बोल, कसा आहे? ती जरा थांबली. म्हणाली, "चांगला हाय. मीठ बरोबर हाय. पन खरं सांगू? मागून पायला तो मोठा होता. चुकीच्या पोराले धरलं म्हनून म्या किती दिवस त्या दुसऱ्यासाठी जीव जाळला, जेलात काय खात असन म्हनून. हा बरोबरवाला तं तंबूच्या भाईर आलो का सरला." मी सिनेमाबद्दल पुढं जे काही समजले ते बहुतेक या बोलण्यापासून सुरू होतं.

हिरालाल तिच्याशी घरी बोलला नाही. न बोलता जेवला, न बोलता निजला. सकाळी फस्ट शिफ्टचा भोंगा झाला. तो उंबऱ्यावर बसून बूट बांधत होता, ती चहा घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता बोलणार, आता चार लोकांत लाज काढली म्हणणार. हिरालाल बुटाच्या नाडीकडेच बघत म्हणाला,

"ते नावाच्या खाली बारीक बारीक येते. ते मानसाईचे नावं रायते का?"

"हो. ज्याईनं ज्याईनं काम केलं त्याईचे."

"कपडे शिवनाऱ्याचंबी?"

"त्याचंबी. सुताराचंबी."

त्यानं नाडीची गाठ मारली. त्यानं पाच वर्षं समोर बसून पिक्चर पाहिले होते, अक्षरं त्याच्याकडे तोंड करून उभी होती, आणि त्याला ती बाजाबरोबर येणारी नक्षी वाटत आली होती.

"मले वाटे असंच काही रायते म्हनून," तो म्हणाला. चहा एका घोटात संपवून त्यानं कप तिच्या हातात दिला, उठला, आणि पायरी उतरता उतरता, तिच्याकडे न बघता, घरातल्या त्याच बारीक आवाजात म्हणाला, "पुढल्या पिच्चरले तू दोरीच्या कडेले बस. मी इकडून कडेले बसतो. मले आयकू आलं पायजे."